मंडईच्या माइकवर अंडाशयं

धुरपताकाकीचं पोट फुगायला लागलं तेव्हा अख्ख्या चिचगडनं आपापलं निदान दिलं. गॅस, नजर, थायरॉइड, आणि एका विद्वानाच्या मते पाळणा. काकी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली. या शेवटच्या निदानानंतर उदारामकाका बरेच दिवस मागच्या गल्लीनं फिरत होता. नागपूरला कळलं, अंडाशयाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, किमो झाली, केस गेले. परत आले ते कुरळे. जन्मभर सरळ केसांची बाई. आता बायका थांबवून विचारतात, कोणत्या पार्लरात केले? काकी सांगते, "नागपुरात. लय महाग पडते, नको करू."

सगळं ठीक चाललं होतं. मग काकीला शेजारच्या मंजूवहिनीचं पोट दिसलं.

मंजूवहिनी चाळिशीतली. दोन घास खाल्ले की पोट गच्च, कंबर दुखते, सारखं लघवीला जावं लागतं. काकीनं ओट्यावर बसून सगळं ऐकलं आणि तशीच उठून तिच्या सासूकडे गेली.

"सुशिलाबाई, हिले गोंदियाले नेऊन सोनोग्राफी करा. उद्याच."

"उद्या कशी वं? आपली मंडई हाय ना."

"मग मंडई झाल्यावर."

"मग देवरीवाल्यायची हाय. मग तिच्या माहेरची. मग माह्या माहेरची."

आमच्याकडे दिवाळीनंतर प्रत्येक गाव आपापला दिवस धरून मंडई भरवतं, म्हणजे गावजत्रा. जो पाहुणा तुमच्या मंडईला जेवला, त्याच्या मंडईला तुम्ही जेवायचं. नाही गेलात तर तुम्ही त्याच्यासाठी मेलात, आणि तो तुमच्यासाठी. त्यामुळे या हंगामात कोणी आजारी पडत नाही. पडलाच तर हंगाम संपल्यावर पडतो.

"तवरिक थांबनं होईल का?" काकीनं विचारलं.

"गॅस हाय तो. ओवा देऊन राहिली ना मी."

काकी तिथून मंडई समितीच्या जागेश्वरकडे गेली. मीही गेलो, कारण मंडईत दंडारीचं नाचगाणं चालतं तेव्हा माइक माझ्याकडे असतो.

"दंडारीच्या मधात थोडा वेळ माइक दे गा. अंडाशयाच्या कॅन्सरवर बोलाचं हाय."

जागेश्वरनं आजूबाजूला पाहिलं. जणू काकीनं त्याच्याकडे गांजा मागितला होता.

"काकी, पूजा केलेला माइक हाय तो. त्याच्यावर असा शब्द?"

"मागच्या साली त्याच माइकवर लुगडं नेसलेला नाच्या काय काय बोलला, सांगू का तुले?"

"ते कला हाय."

"अन् माहं पोट?"

"ते खाजगी हाय. माइकवर दंडार अन् हरवल्या-सापडल्याच्या सूचना. बाकी काई नाई. नियम हाय."

काकी माझ्याकडे बघायला लागली. मी जमिनीकडे बघितलं. जमिनीनं काही मदत केली नाही.

मंडईच्या दिवशी भर दुपारी, दंडार रंगात आली असताना, मी लाल शर्टवाल्या पोराची सूचना दिली, एका चपलेची दिली, आणि मग तोच आवाज ठेवून पुढची:

"सूचना. चिचगड येथील धुरपताबाई उदाराम यांची दोन्ही अंडाशयं नागपुरात राहून गेली आहेत. कोणास सापडल्यास कृपया परत आणू नयेत."

ढोलकी थांबली. नाच्याचा हात हवेतच राहिला. जलेबीवाल्याची कढई तेवढी चालू होती.

जागेश्वर धावत आला. "टिंकू! हे काय चालू हाय?"

"हरवल्याची सूचना. नियमात हाय."

जागेश्वर नियमाचा माणूस. तो तिथेच अडकला. तेवढ्यात काकीनं माइक घेतला.

"एक बाई शोधून राहिली मी. ओळख सांगतो. पोट फुगलं ते उतरत नाई. दोन घासात पोट भरते. कंबर दुखते. लघवीले घडीघडी जाव लागते. बरेच दिवस झाले, रोजचंच झालं. मीही ओवा खाल्ला, बायायहो. ओवा संपला, पोट तसंच. दर खेपेले कॅन्सरच असन असं नाई. पण ते डाक्टरले ठरवू द्या, ओव्याले नको. जिची ओळख पटली तिनं स्टेजजवळ यावं."

बायका आल्या. एकीनं जलेबी जास्त खाल्ली होती, तिला काकीनं परत पाठवलं. दोघीतिघी तोंडावर पदर घेऊन उभ्या राहिल्या. शेवटी मंजूवहिनी आली, हाताला पुऱ्यांची कणीक. मागून सुशिलाबाई, हातात झारा.

"पाहुणे ताटावर बसून राहिले अन् तू इथं?"

"आई, मले दोन घास जात नाई," मंजूवहिनी म्हणाली. "अन् साऱ्यायले वाढून मीच राहिली."

"वाढाले आमचा उदाराम जाते," काकी म्हणाली. कॅन्सरनंतर ती नवऱ्याचं नाव खुशाल घेते. "चाल वं. देवरीची बस लागली हाय, तिथून गोंदिया."

"पाहुणे काय म्हणतील?" सुशिलाबाई ओरडली.

"विचारून सांगजो."

काका गेला वाढायला. भाजी कमी पडली म्हणून त्यानं नवीन केली. किमोत काकीची चव गेली होती, तेव्हा काका रोज थोडं मीठ वाढवत गेला. काकीची चव परत आली, काकाचा हात आला नाही. ऐकलं की सुशिलाबाईच्या पाहुण्यांनी त्या दिवशी हातपंप सोडलाच नाही.

गोंदियाच्या सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं, आणि एक गाठ. कसली ते नागपूरला कळेल, म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नागपूरला, दवाखान्यातल्या केसपेपरच्या रांगेत. रांग पार्किंगपर्यंत.

"काकी, मी मरतो का वं?" मंजूवहिनीनं विचारलं.

"ते मले का माहीत? आज फक्त पेपर काढाचा हाय."

मंजूवहिनी तोंड फिरवून रांगेतून बाजूला व्हायला लागली.

"रडाचं असन तर रड," काकी म्हणाली. "पण रांगेत राहून रड. बाजूले गेली का नंबर जाते."

मंजूवहिनी रडली. चांगली मोकळी रडली, पिशवी छातीशी धरून. तेवढ्यात पांढऱ्या बुटातला एक माणूस फोनवर बोलत बोलत हळूच आमच्या पुढं सरकला.

मंजूवहिनीनं पदरानं नाक पुसलं.

"ओ भाऊ," ती एवढ्या जोरात म्हणाली की खिडकीतला माणूसही वर बघायला लागला. "मागं व्हा. माहा नंबर हाय."