माती कमी पडली

“आडवी नगं धरू कुदळ! खड्ड्याच्या कडा ढासळत्यात की!” कुतुबुद्दीन गवंडी वरून ओरडत होता आणि ज्ञानू घामानं निथळत खणत होता.

प्लेगनं आमचं गाव उठवलं, त्या सालची ही गोष्ट. महाराजांना गादीवर बसून पाच-सहा वर्षं झाली असतील. पन्हाळ्याच्या पायथ्याला माळावर आम्ही सगळे कुडाच्या झोपड्यांत पडलो होतो. ज्ञानूची दोन लेकरं जुन्या घरात प्लेगनं दगावली. त्या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवायचा नाही, पावसाआधी माळावरच घर उभं करायचं, असं त्यानं ठरवलं होतं. माळाची जमीन दोघा भावांची. धाकटा गुंडू म्हणाला, “दादा, वरचा तुकडा तू घे, मी खालचा घेतो.” वाटणी एवढ्यावरच झाली. अशी वाटणी आमच्या गावानं आधी कधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

गवंडी पन्हाळ्याचा, तीन पिढ्यांचा. माती तपासल्याशिवाय तो आखणीची दोरी धरत नसे. एक हात लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यायचा, निघालेली माती शेजारी ठेवायची आणि तीच परत भरायची. माती उरली तर जमीन घट्ट. कमी पडली तर जमीन पोकळ, घर बांधायचं नाही.

ज्ञानूची बायको धोंडुबाई भाकरी घेऊन आली. तिनं विचारलं, “खड्डा कशापायी वो?”

“तुला काय करायचंय? चुलीपुढं बस जा!” ज्ञानू खेकसला.

वर वीतभर काळी होती, खाली पिवळी, खडा नसलेली सुरेख माती लागली. तेवढ्यात गवंड्याच्या नमाजाची वेळ झाली. तो ओढ्यावर गेला. ज्ञानू, गुंडू आणि शेजारी म्हणून मदतीला आलेला मी, आम्ही बाभळीखाली भाकरीचं फडकं सोडलं.

परत येऊन ज्ञानूनं माती भरायला घेतली. ढीग संपला. खड्डा वीतभर रिकामा राहिला.

ज्ञानूनं हातानं भुई खरवडून माती गोळा केली. चिमूटभर निघाली. गवंड्यानं मान हलवली. “न्हाय ज्ञानबा. हितं भित उभी ऱ्हायची न्हाय.”

ज्ञानू गुंडूकडं वळला. त्याचा चेहरा मला आजही आठवतो आणि आजही भीती वाटते.

“म्हनून व्हय रं एवढा गोड झालतास? वरचा तुकडा घे म्हनं! पोकळ भुई माझ्या गळ्यात मारलीस!”

“दादा, मला काय ठावं मातीतलं? आईची आन...”

“आईचं नाव घिऊ नगंस, चोरा!”

कुदळीचा दांडा बसला तो गुंडूच्या डाव्या दंडावर. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. गुंडू खाली पडला, तर त्याच्या पाठीत दुसरा बसला, कमरेत तिसरा. गुंडूनं लोळत त्याच्या पोटात लाथ घातली. ज्ञानू कोलमडला, उठला आणि भावाच्या छातीवर बसला. नाकातोंडातून रक्त येईपर्यंत तो ठोसे मारत होता. मी मागून कव घातली, तर त्यानं माझ्या मनगटाचा चावा घेतला. गवंड्यानं साठीच्या वयात त्याची मान काखेत दाबून धरली, तेव्हा कुठं गुंडू सुटला.

आरडाओरडा ऐकून बाया पळत आल्या. गुंडूची शालूबाई नवऱ्यावर पडून रडायला लागली. मागून धोंडुबाई आली. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते.

गवंडी त्या हातांकडं बघतच राहिला. “बाई, ही माती कुठली?”

“हितलीच की. चूल सारवायला दोन पाट्या नेल्या. एवढी झाक माती पडून हुती.”

मग ज्ञानूनं दांडा उचलला आणि बायकोवर धावला. ती जागची हलली नाही.

“हाना! कशापायी खणताय म्हनून इचारलं, तवा काय म्हनलासा? चुलीपुढं बस. बसली मी चुलीपुढं!”

दांडा वरच्या वर राहिला. ज्ञानू मटकन खाली बसला.

दुसऱ्या सकाळी गवंड्यानं चार हातांवर दुसरा खड्डा घेतला. राखणीला धोंडुबाईलाच बसवलं. भरून झाल्यावर दोन पाट्या माती उरली. जमीन अगदी पोलादी निघाली. ज्ञानूला आनंद व्हायला हवा होता. तो तोंड लपवून रडला. हाडवैद्यानं गुंडूचा हात कामट्यांत बांधला होता, आणि ज्ञानू झोपडीच्या दारात गेला की शालूबाई ताटी लावून घेत होती.

पंधरा दिवसांनी पायाचा पहिला दगड बसवायचा होता. गुंडूला बोलवायची ज्ञानूची छाती झाली नाही. पण तो आला. डावा हात गळ्यात बांधलेला. कुणाला राम राम केला नाही. कुदळीचा दांडा उजव्या हातात घेतला आणि भावापुढं उभा राहिला.

ज्ञानूनं पटका काढून भुईवर ठेवला. “हान.”

मला वाटलं, टाकेल दांडा. भाऊ आहे शेवटी. कसलं काय! गुंडूनं सगळा जोर लावून हाणला. ज्ञानूच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलेलं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तो गुडघ्यावर आला, उलटी केली. धोंडुबाई पुढं झाली, तिला शालूबाईनंच धरलं.

“फिटलं,” गुंडू म्हणाला आणि त्यानं दांडा दूर भिरकावला.

“फिटलं खरं,” गवंडी कपाळाला हात लावून म्हणाला, “पर मुहूर्त चाललाय. कोपऱ्याचा दगड घरच्यांनीच उचलायचा असतोय. आता कोन उचलनार, तुमचं मुडदं?”

दोघं एकमेकांकडं बघेनात. मग ज्ञानू कण्हत उठला आणि दगडाच्या एका बाजूला वाकला. गुंडू थुंकला आणि दुसऱ्या बाजूला वाकला. एकेका धड हातानं दगड वीतभर उचलला, डुगडुगत पायाच्या चराकडं निघाला. दोघांच्या डोळ्यांतून दुखण्यानं पाणी येत होतं.

“नीट धर की, माझ्या पायावर सोडशील!” ज्ञानू ओरडला.

“तुझ्या बाच्या पायावर सोडतो!”

“बा तुझाबी त्योच की रं, बेन्या!”