सहा-सहा

"फॉर्मवर तीन सहा आहेत आणि सर्टिफिकेटवर दोनच. तिसरा कुठून आला?" केमिस्ट्रीच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून विचारलं.

शैलेंद्रने घसा खाकरला. पुण्याहून इंग्लंडातलं स्लाउ आणि स्लाउहून ऑस्ट्रेलियातलं टार्निट गाठलेला आयटीतला माणूस. आकड्यांत चुकणारा नव्हे. त्याच्या मुलीने, ऋतिकाने, जीसीएसईला, म्हणजे इंग्लंडातल्या दहावीला, कम्बाइन्ड सायन्स घेतलं होतं. त्यात भौतिक, रसायन, जीव तिन्ही शास्त्रं शिकायची, पण निकालात ग्रेड दोनच. तिला नऊपैकी सहा-सहा मिळाले होते. चांगले होते. पण मित्रांची मुलं ट्रिपलवाली, तिन्ही विषय सुटे घेतलेली. कम्बाइन्ड म्हणजे ढ पोरांचं, असं शैलेंद्रच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून नव्या शाळेच्या फॉर्मवर त्याने तीन ओळी करून प्रत्येकीपुढे सहा लिहून टाकला. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण सर्टिफिकेटची कॉपीही त्यानेच जोडली होती.

"इट्स जस्ट अ फॉरमॅट थिंग," तो म्हणाला. "माय वाइफ इज अ सायन्स टीचर, शी कॅन..."

"डॅड, स्टॉप," ऋतिका पुटपुटली.

कम्बाइन्डवरून आलेल्या मुलीला इथल्या अकरावीची केमिस्ट्री झेपणार नाही, तिने दुसरा विषय घ्यावा, असं बाईंनी गोड शब्दांत सांगितलं. ऋतिकाला फार्मसीला जायचं होतं. केमिस्ट्री गेली की तेही गेलं. तिने मान खाली घातली.

तिची आई मेधा अजून गप्प होती. "तू बोलू नकोस, मी बघतो," असं शैलेंद्रने गाडीतच बजावलं होतं. गणपतीच्या कार्यक्रमात तो चारचौघांत तिची ओळख 'टीचर' म्हणून करून द्यायचा, तेव्हाही ती अशीच गप्प बसायची. आज मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी टीचर नाही," ती बाईंना इंग्रजीत म्हणाली. "स्लाउच्या शाळेत लॅब टेक्निशियन होते."

"मेधा, प्लीज."

"तू थांब रे जरा." मग पुन्हा बाईंकडे वळून, "पाच वर्षं कम्बाइन्ड आणि ट्रिपल, दोन्ही वर्गांच्या प्रयोगांचे ट्रे मीच भरले. मोरचूद एकाच बरणीतला, बीकर तेच, धुवायचेही मीच. ट्रिपलवाल्यांना थोडे प्रयोग जास्त असायचे, एवढंच. हिला टायट्रेशन नव्हतं, हे खरं आहे. तुम्ही आत्ता शिकवा, ती आत्ता करेल."

"मम! आय'व नेव्हर डन इट!"

"म्हणूनच शिकवा म्हणतेय ना."

बाईंना राग आला की गंमत वाटली, कळेना. पण त्या उठल्या आणि शेजारच्या लॅबचं दार त्यांनी उघडलं. एकदा स्वतः करून दाखवलं. ब्युरेटमधून, म्हणजे खाली तोटी असलेल्या उभ्या काचनळीतून, अल्कली थेंबथेंब खालच्या ॲसिडमध्ये सोडायची, आणि फिकट गुलाबी रंग टिकला की तोटी बंद.

ऋतिकाचं पहिल्या वेळी भसकन गडद गुलाबी झालं.

"नर्व्हस आहे ती," शैलेंद्र म्हणाला.

"सारवासारव नको. ऋतू, परत कर."

दुसऱ्या वेळी ऋतिकाने ओठ घट्ट मिटले, शेवटी एकेक थेंब मोजून सोडला. रंग आला, गेला, पुन्हा आला आणि राहिला. बाईंनी आकडा वाचून आपल्या आकड्याशी ताडून पाहिला.

"ओके. नव्या वर्षाची पहिली टर्म बघू. नाही जमलं तर विषय बदलायचा. आणि हा फॉर्म आधी नीट करा."

"जमेल," ऋतिका चक्क मराठीत म्हणाली.

शैलेंद्र तीन ओळींवर काट मारत बसला. मेधा सिंककडे गेली. तीन महिने ती इथल्या शाळांना लॅबमधल्या नोकरीसाठी अर्ज धाडत होती, एकीचंही उत्तर नव्हतं. तिने ब्युरेट पाण्याने खळखळून धुतली, तोटी उघडी ठेवली आणि निथळायला स्टँडला उलटी लावली. कुणी सांगितलं नव्हतं. बाई बघत राहिल्या.

मग तिने शैलेंद्रच्या हातून पेन घेतलं. 'आईचा व्यवसाय' या रकान्यातलं 'टीचर' खोडलं आणि वर ठळक अक्षरांत 'लॅब टेक्निशियन' लिहिलं. कागदावर तिच्या अंगठ्याचा ओला ठसा उमटला. शैलेंद्रने रुमाल पुढे केला. तिने हात कुर्त्यालाच पुसले.