खालचं राखाडी बटण

माझी नणंद पेट्या बनवते. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते आणि लोक तिला सुतार समजतात. फोनवर मधेच टपकन उगवते ना, काहीबाही विचारणारी चौकोनी पेटी, ती कशी दिसावी हे ठरवायचं तिचं काम. रंग कुठला, कोपरे कसे, कुठलं बटण वर आणि कुठलं खाली. एवढ्यासाठी माणूस नेमतात हे ऐकून मी पहिल्यांदा पोट धरून हसले होते.

आमचे हे त्याच कंपनीचा ट्रक चालवायचे. तिला तिथे चिकटवलं यांनीच. गाडी सलग फार वेळ चालली की यांच्या फोनवर पेटी यायची: बराच वेळ झाला, थांबायचं का? 'थांबतो' दाबलं की विश्रांतीची नोंद व्हायची. न दाबता गाडी उभी केली तर माल रखडवला म्हणून पुढची खेप दुसऱ्याला. असला तिरपागडा नियम.

आधी पेटी साधीच होती, फोनबरोबर येते तशी, दोन्ही बटणं सारखी. मग तिच्या साहेबाच्या डोक्यात सजावटीचं खूळ शिरलं. कोपरे गोल हवेत. 'पुढे जातो' हे भलंमोठं हिरवं बटण हवं आणि त्याच्या खाली 'थांबतो' बारीक, राखाडी, बटण आहे असं वाटूसुद्धा नये. शिवाय मागचा नकाशा झाकायला नको म्हणून पेटीची उंची कायमची बांधून टाकायची. भिंगरी, हे तिला याच नावाने हाक मारायचे, साहेबाशी तावातावाने भांडली. तो म्हणाला, "बटण काढा म्हटलं का मी? आहे ना ते?" शेवटी दिली तिने करून. नाहीतर शेजारच्या टेबलावरच्याने केली असती.

त्याच संध्याकाळी ती घरी आली आणि तिच्या फोनवर नवी पेटी दाखवायला लागली.

"दादा, हिरव्याच्या खाली ही अक्षरं आहेत ना, तेसुद्धा बटणच आहे. डोळे जड झाले की हेच दाबायचं."

यांनी फोन हातभर लांब धरला. "हे होय? मला वाटलं मुंगी चाललीय."

"चष्मा लाव की."

"तो लावला की समोरचा रस्ता पुसट होतो गं."

तिने यांचा फोन हिसकावून घेतला आणि त्यातली सगळी अक्षरं मोठी करून टाकली, अगदी टोकापर्यंत. "आता तरी दिसेल." पेटी गाडी चालू असतानाच यायची, त्यामुळे तेव्हा काही बघता आलं नाही. पण माझा जीव खरंच भांड्यात पडला. एवढी वर्षं चष्मा लावा म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते, आणि हिने चुटकीसरशी सोडवलं.

पुढच्या खेपेला दुपारी यांचा फोन आला. डिझेल भरायला थांबले होते, तेवढी मुभा असायची.

"डोळे मिटायला लागलेत. पेटी येतेय, पण भिंगरीचं ते खालचं बटण काही दिसेना. साहेबाने काढून टाकलं वाटतं."

"मग नुसतेच झोपा."

"आणि पुढची खेप?"

"खड्ड्यात गेली खेप. तिला विचारा तरी."

"नको. परत साहेबाशी भांडत बसेल, नोकरी जायची तिची. पोचलो की झोपतो."

मी जास्त ताणलं नाही. यांच्यापुढे ताणून उपयोग नसतो, हे मला पाठ होतं.

हे पोचलेच नाहीत. गाडी पुलाच्या कठड्याला आदळली होती. ब्रेक लावल्याची खूणसुद्धा नव्हती म्हणे रस्त्यावर. झोप लागली असणार, पोलीस म्हणाले.

येणारी माणसं येऊन गेली. भिंगरी मात्र राहिली, भिंतीला टेकून एकच विचारत. "मी दादाला दाखवलं होतं गं वहिनी. का नाही दाबलं त्याने?" रोज तेच. जसं काही चूक तिच्या दादाचीच होती. माझं डोकं उठायचं.

पोलिसांनी यांचा फोन परत दिला, तो मी चार्जिंगला लावला. काच तडकली होती, पण सुरू झाला. शेवटची पेटी अजून तशीच उभी होती, उत्तर न मिळालेली. मोठ्ठी अक्षरं, मोठ्ठं हिरवं बटण आणि तिथेच पेटी संपलेली.

"दाखव कुठलं बटण," मी म्हटलं.

तिने फोन घेतला आणि तिच्या तोंडाचा रंगच उडाला. मग तिने अक्षरं पुन्हा बारीक केली. मजकूर आक्रसला, हिरवं बटण वर सरकलं आणि त्याच्या खाली राखाडी 'थांबतो' आलं.

"अक्षरं मोठी केली की मजकूर वाढतो," ती कशीबशी बोलली. "पेटी वाढत नाही, उंची बांधलेली आहे ना. मग खालचं बटण बाहेर ढकललं जातं. आम्ही बारीक अक्षरांवरच तपासलं, वहिनी. आमच्यात कुणालाच चष्मा नाही."

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. खोटं कशाला बोलू, हात उचललाही होता. पण यांच्याबरोबरचे गाडीवाले डोळ्यांसमोर आले. सगळे यांच्याच वयाचे, सगळ्यांचे फोन हातभर लांब धरलेले.

मी फोन घेतला आणि 'थांबतो' दाबलं. पेटी मिटली. पडद्यावर आलं, 'विश्रांती सुरू झाली.'

"ऊठ," मी तिला म्हटलं. "ऑफिसात जा. बाकीचे अजून रस्त्यावर आहेत."