डाग दाखवणारी पेटी

माणसाने अग्नी शोधला, चाक शोधलं आणि अखेर कुरूपतेवर कायमचा विजय मिळवला. हा विजय आमच्या गल्लीत, चपलांच्या दुकानावरच्या खोलीत, सकाळी अकरा ते एक मिळत असे. मग जेवणाची सुट्टी.

जिन्यापर्यंत बायकांची रांग. आत टेबलावर एक काळी पेटी, पेटीत आरसा, आणि शेजारी पांढऱ्या कोटातल्या एक ताई, ज्यांचा कोट सोडला तर दवाखान्याशी काही संबंध नव्हता. पेटीत तोंड घातलं की गालभर तपकिरी डाग दिसत.

"हे आतले डाग बरं!" ताई हळहळत. "घरच्या आरशाला दिसत नाहीत, लोकांना मात्र दिसतात."

मग बोटभर क्रीम, दोन मिनिटं डोळे मिटून शांतता, आणि पुन्हा पाहावं तर चेहरा लख्ख! रांगेतून "अगं बाई!"

त्या "लोकांना मात्र दिसतात"ने आमची सूनबाई कोंडली गेली. ती फोटो स्टुडिओत काम करते. पेटी पाहून आल्यापासून बाहेर तोंडाला स्कार्फ, घरात खोलीचं दार बंद, आणि जेवायला बसली तर भिंतीकडे तोंड.

"मला तर एक डाग दिसत नाही," मुलगा म्हणाला.

"तू कधी बघितलंस?"

त्याने ताटात डोकं खुपसलं. मीही खुपसलं, कारण पुढचा नंबर माझा होता.

दोनच दिवसांनी शाळेचा वार्षिक फोटो होता. स्टुडिओच्या मालकाने पहिल्यांदाच कॅमेरा तिच्या हाती सोपवला होता, आणि ती नाही म्हणायला निघाली होती. "चारशे मुली, बाबा! सगळ्या माझ्याकडेच बघणार."

फोटो काढणाऱ्याकडे बघू नका, असं सांगणं कठीणच.

"क्रीमची अजून एक डबी घेऊन बघते," ती म्हणाली. म्हणून सकाळी आम्ही तिघं गेलो. पेटीसमोर आधी आमच्या सौ. बसल्या. डाग दिसले, क्रीम लागलं, डाग गेले. सूनबाई सासूचा चष्मा धरून मागून वाकून आरशात बघत होती. स्वतःच्या चेहऱ्यात तिला फक्त डाग दिसले होते. दुसऱ्याचा चेहरा समोर आला आणि तिचं धंद्याचं डोकं चालू झालं.

"आई, हलू नका. मघाशी तुमच्या बुबुळात जांभळट ठिपका होता, खालच्या बाजूला. आता पिवळा आहे, मोठा, आणि वर."

"क्रीमचं तेज ते! आतून येतं," ताई म्हणाल्या.

"क्रीम गालाला लावलंत. डोळ्यात दिव्याचं प्रतिबिंब पडतं, ते कसं बदललं?"

तिने टेबलावरचं कापड उचललं. खाली पायाने दाबायची एक पट्टी होती आणि तिच्यावर ताईंचा पाय. सूनबाईने तो बाजूला सारून पट्टी दाबली. क्रीम थापलेल्या सौ.च्या गालांवर सगळे डाग परत आले. पुन्हा दाबली, गेले. रांगेत पुढचा नंबर त्याच शाळेच्या मुख्याध्यापिकांचा होता. त्यांना क्रीमशिवाय बसवलं. आले, गेले. मला बसवलं. पंचाहत्तराव्या वर्षी मी फुकटात लख्ख झालो.

"जांभळा दिवा कातडीतला साधा रंग गडद करून दाखवतो," सूनबाई म्हणाली. "कुणाचाही. समोरचा मऊ पिवळा दिवा तोच लपवतो." आणि तिने स्कार्फ सोडला.

ताईंची जेवणाची सुट्टी त्या दिवशी साडेअकराला झाली.

दुसऱ्या दिवशी सूनबाई उघड्या चेहऱ्याने शाळेत उभी राहिली. मी कॅमेऱ्याचं तिकाटणं धरायला होतो. मुख्याध्यापिकांनी मुलींना सगळी हकिगत सांगितली आणि म्हणाल्या, "मुलींनो, तुमच्या चेहऱ्याबद्दल तुमची तक्रार नव्हती. ती विकणाऱ्याने लिहून दिली. कुणी तुमच्यात खोट दाखवली, तर गाल चोळू नका. दिवा कुठे आहे ते बघा. विचारा, तपासा, मगच माना!"

चारशे मुलींच्या टाळ्या. बाई मधल्या खुर्चीवर बसल्या, पदर नीट केला आणि सूनबाईला खुणेने जवळ बोलावलं.

"अगं," त्या कुजबुजल्या, "माझ्या हनुवटीवरचा तो डाग तेवढा फोटोतून काढशील ना?"