आईच्या घरात माणसं किती

दोन देशांतल्या खेड्यांची लोकसंख्या शेजारी शेजारी मांडायची, हे कार्यालयात माझं काम. शेजारच्या देशाची खेडी दहा वर्षांत निम्मी रिकामी झाली, आमच्या खेड्यांतून शंभरातली जेमतेम सहा माणसं हलली. यात आनंद मानायचा की शरम, ते वरून ठरून येतं. यंदा आनंद ठरला. साहेब म्हणाले, "कारण लिहा. मातीची ओढ वगैरे."

लिहिलं. सतरा वर्षं शहरात सरकारी खोलीत राहणाऱ्याला मातीवर लिहायला काय जातं?

खरं कारण मला ठाऊक होतं. पलीकडचा गणक विचारतो, काल रात्री इथे कोण झोपलं होतं? आमचा विचारतो, घरात माणसं किती? आणि असं विचारल्यावर कुठली आई परगावी गेलेला मुलगा वजा करते? माझ्या गावाची यादी उघडली, तर पाचशे चार माणसं. त्यात मी होतो, माझा थोरला भाऊ होता, वर्गातली अख्खी पलटण होती. प्रत्यक्ष राहणारे तीनशेही नसतील.

नावं खोडायला पेन उचललं. पण गाव पाचशेच्या खाली गेलं की नर्सबाईंची मंगळवारची फेरी बंद, असा नियम आहे. तो मीच टाइप केला होता. आईच्या पायाची जखम दर मंगळवारी त्याच धुतात. मी पेन खाली ठेवलं. आकड्यांच्या बाबतीत काटेकोर माणूस अशी माझी ख्याती आहे, तिला त्याने काही धक्का लागला नाही.

अहवाल गाजला. इतका की, मातीची ओढ बघायला पलीकडचा एक अधिकारी आला. साहेबांनी त्याला दाखवायला हौसेने माझंच गाव निवडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मंगळवार होता. आमच्या गल्लीत आठ दारांना कुलपं.

"सगळे शेतावर गेलेत," साहेब म्हणाले.

एका कुलपावर गंज चढला होता. पाहुणा त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

दारात नर्सबाई आईच्या पायाला पट्टी बांधत होत्या. पाहुण्याने वही काढली.

"आजी, घरात माणसं किती?"

"तिघं. मी, थोरला आणि हा." तिने माझ्याकडे बोट केलं.

"थोरले कुठे आहेत?"

"येईल की."

पाहुणा माझ्याकडे वळला. "तुम्ही इथेच राहता?"

साहेब आभाळ बघू लागले. माझ्या सरकारी खोलीच्या कागदावर त्यांचीच सही आहे. नर्सबाईंचा हात पट्टीवर थांबला.

"हो," मी म्हणालो.

वहीत तीनचा आकडा पडला. पाहुणा आणि साहेब जीपकडे निघाले. पुढच्या मंगळवारी येते म्हणून नर्सबाईही उठल्या.

आई भिंतीला धरून उभी राहिली. इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आधी सांगायचं नाही का रे?" ती म्हणाली. "तुझी खाट माळ्यावर पडलीय. खाली काढ, जरा ऊन दाखवू तिला."

मी माळ्यावर चढलो. बाहेर जीपचा हॉर्न वाजायला लागला होता.