मास्तरांची फुंकर

बावीस वर्षं गाडी शिकवून अर्धं शहर मास्तरांनी रस्त्यावर आणलं होतं. त्या दुपारी त्यांना अडवणारा हवालदारही त्यांच्याच हाताखाली क्लच दाबायला शिकलेला. त्याने मान वर न करता नळी पुढे केली. "मास्तर, फुंका."

एका सोबत्याच्या निरोपाचं जेवण होतं. बिअरचे दोन ग्लास झाले, तिसरा आग्रहाखातर. तिथून मास्तर थेट लेकीला पोहण्याच्या क्लासहून आणायला निघाले होते. तलावाच्या फाटकाशीच गाठ पडली. नऊ वर्षांची लेक ओल्या केसांनी फाटकात उभी राहून सगळं बघत होती.

लायसन्स गेलं, पाठोपाठ काम गेलं. घटस्फोटाची केस आधीच चालू होती. बायकोच्या वकिलाने त्या फुंकरीचा कागद मुलीच्या ताब्याच्या अर्जाला जोडला. आठवड्यातले तीन दिवस मास्तरांकडे राहणारी लेक आता कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, आठवड्याला तासभरच, भेटू लागली.

"गुन्हा कबूल केलात, तर ती कबुली इथे ताब्याच्या केसमध्ये तुमच्यावरच उलटेल," त्यांच्या वकीलबाई म्हणाल्या. "नाकबूल केलात, तर केस लोंबकळेल, आणि तोवर मुलगी घरी येणार नाही."

"म्हणजे कुठूनही गेलो तरी भिंतच."

वकीलबाईंनी आवाज खाली आणला. "सोमवारी न्यायाधीशबाई मुलीशी एकटीशी बोलणार आहेत. बाबा एरवी कधी पिऊन गाडी चालवत नाहीत, एवढं ती म्हणाली, तर एकदाच झालेली चूक म्हणून खपून जाईल. मी काही सांगितलं नाही हं!"

शनिवारच्या भेटीत लक्ष ठेवणाऱ्या समुपदेशक बाई फोन घ्यायला दारापर्यंत गेल्या. तेवढ्यात लेकच मास्तरांच्या कानाशी आली. "बाबा, मी सांगणार आहे, तू कधीच पीत नाहीस म्हणून."

मास्तरांच्या जिवात जीव आला. आता नुसतं गप्प बसलं की काम झालं.

"आणि मागे एकदा तो लाल सिग्नल तोडलास ना, ते नाही सांगणार," ती पुढे म्हणाली. "मी तर डोळे गच्च मिटून घेतले होते. तू प्यायलास की मी नेहमीच मिटते."

नेहमीच! शेजारच्या सीटवर ही डोळे मिटून बसायची, आणि आपण समजायचो की पोरीला झोप लागली.

"सगळं सांग," ते कसंबसं म्हणाले. "सिग्नलचं पण."

"मग घरी नेशील मला?"

"नाही नेता येणार, बहुतेक."

"मग कशाला सांगू?" ती तोंड फिरवून बसली.

पण सोमवारी तिने सगळं सांगितलं. मास्तरांनीही दुसऱ्या कोर्टात गुन्हा कबूल केला. "आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलात," वकीलबाई चिडल्या. निकाल लागला: वर्षभर दारू सोडवण्याचे उपचार, आणि पंधरा दिवसांतून एक तास, त्याच खोलीत, बाईंच्या देखत.

निकालानंतरच्या पहिल्या भेटीला मास्तर दोन बस बदलून, जरा उशिराच पोचले. लेक गणितं सोडवत होती.

"काय चाललंय?"

"बोलू नकोस. चुकतंय."

ते समोरच्या खुर्चीत बसले. दाराशी बाई बसल्या होत्या. तासातली अठ्ठेचाळीस मिनिटं उरली होती, आणि ती खाली मान घालून भागाकार करत होती.