नाकाशी धरलेली चप्पल

“मग मगरीनं विहिरीतून डोकं वर काढलं आणि सासूबाईंना विचारलं, धाकटी सून आहे का घरात?”

माझं एवढं सांगून होतंय तोच येसेनियाचा हात मांडीवरून घसरला. मला वाटलं, थाप आवडली पोरीला.

येसेनिया पेरू देशाची. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला माझ्या नातीच्या, ऋताच्या घरात राहते आणि समुपदेशनाचं शिकते. सरावाला तिला दुःखी माणूस हवा होता, म्हणून मी दुःखी झाले होते. समोर मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू. ते शिक्षकांना पसंत पडलं, की तिला खरी माणसं मिळणार होती.

पण तिचे डोळे फिरले, अंग ताठ झालं आणि ती धाडकन खाली पडली. मी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. आमच्याकडे आकडी आली की हेच करतात. ऋता धावत आली. “आजी, चप्पल काय हुंगवतेस? हो बाजूला!” तिनं येसेनियाला कुशीवर वळवलं, डोक्याखाली उशी सरकवली. परक्या देशात परक्याची पोर माझ्यासमोर गेली तर?

शुद्धीवर आल्यावर येसेनियानं आधी मोबाईल पाहिला आणि रडायलाच लागली. कॉलेजात हे कुणालाच माहीत नाही, म्हणाली. तिकडे पेरूत एका संस्थेनं तिला दारातूनच परत पाठवलं होतं. पेशंटसमोर पडलीस तर, म्हणे. इथं कळलं तर इथूनही घालवतील.

मी माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये म्हटलं, पुसून टाक ते. उद्या परत बसू, माझ्याकडे मगरी पुष्कळ आहेत.

ती हसली नाही. “आजी, खरं सांगा. तुम्ही घाबरलात?”

जन्मभर थापा मारल्या, पण तिच्या तोंडाकडे बघून एक सुचेना.

“हो गं. फार.”

येसेनिया म्हणाली, “म्हणजे समोरच्याला आधी सांगायला हवं. त्याच्याही आधी कॉलेजात.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्याबरोबर कॉलेजात गेलो. ऋता आणि मी बाहेर बाकावर बसलो. काचेच्या दारातून आतलं दिसत होतं, ऐकू मात्र काही येत नव्हतं. टेबलापलीकडे तिचे शिक्षक, दोन बायका आणि एक पुरुष. येसेनिया बोलायला लागली. थोड्या वेळानं त्या माणसानं आपली खुर्ची हळूच मागे घेतली.

ऋतानं माझा हात घट्ट धरला.

येसेनियानं ते पाहिलं. क्षणभर थांबली, आणि पुढे बोलत राहिली.